मालव्याच्या जमिनी कोणाकडे गेल्या?

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत जमीनसुधारणेचा इतिहास तीन शब्दांत सांगितला जातो: 'आमच्या जमिनी गेल्या.' होळकरांकडून मिळालेलं इनाम, जहागिरीतला हिस्सा, देवास किंवा महिदपूरकडची एखादी जमीनदारी. आजोबांच्या पिढीने हे सोसलं, मुलांना शिकवलं, नोकऱ्या धरल्या. त्या सोसण्याला मी कमी लेखत नाही. पण गेलेल्या जमिनी कोणाकडे गेल्या आणि कोणाकडे कधीच पोहोचल्या नाहीत, हा प्रश्न आपल्या घरांतून सहसा विचारला गेला नाही. मालव्यातल्या शेतमजुराच्या आजच्या दारिद्र्याचा उगम त्या प्रश्नापाशीच आहे.

ग्वाल्हेर, इंदूर आणि आसपासची लहानमोठी संस्थानं मिळून १९४८ साली मध्यभारत राज्य झालं. या राज्याने १९५१ मध्ये जमीनदारी आणि जहागिरी संपवण्याचे दोन कायदे केले. पुढे मध्य प्रदेशात विलीन झाल्यावर १९५९ची भू-राजस्व संहिता आली आणि जमीन कसणाऱ्या खातेदाराला 'भूमिस्वामी' हा दर्जा मिळाला. हे काम मोठं होतं. वेठबिगार, नजराणे, मर्जी फिरली की बेदखली, यांतून हजारो कुळं सुटली. मालव्यातल्या खाती, पाटीदार, धाकड, आंजना शेतकऱ्यांची आजची पक्की घरं आणि ट्रॅक्टर यांची सुरुवात तिथे आहे.

मात्र हक्क मिळाला तो पटवाऱ्याच्या खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या नोंदवहीत, कूळ म्हणून नाव असलेल्याला. हाली, म्हणजे आपल्याकडचा सालगडी, कूळ नव्हता. उचल घेऊन वर्षभर नांगर धरायचा, धान्य आणि थोडी रोकड घ्यायची आणि फिटलं नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच दारात. बहुतेक हाली बलाई, चर्मकार किंवा भिल्ल. जमिनीवर सर्वांत जास्त घाम त्यांचा, पण कागदावर त्यांचा आणि जमिनीचा काही संबंधच नाही. 'कसेल त्याची जमीन' या घोषणेतला 'कसेल तो' कायद्याने खातेदारापाशी थांबवला. हाली प्रथेवर कायद्याने बंदी यायला १९७६ उजाडलं.

संहितेपाठोपाठ कमाल जमीनधारणेचा कायदा आला, १९६०चा. सत्तरच्या दशकातल्या दुरुस्तीनंतर मर्यादा ठरली ती दोन पिकांच्या बागायतीला १८ एकर, कोरडवाहूला ५४ एकर. कायदा येणार येणार म्हणून इतकी वर्षं गाजत होता की तोवर जमिनी भाऊ, पुतणे, सुना, देवस्थानं यांच्या नावे वाटून झाल्या होत्या. अतिरिक्त म्हणून जे निघालं त्यात बरड आणि खडकाळ जमीन पुष्कळ होती.

विनोबा १९६० साली इंदुरात आले. चंबळच्या खोऱ्यात बागी, म्हणजे डाकू, त्यांच्यापुढे शस्त्रं ठेवत होते, त्याच वर्षीची ही गोष्ट. 'सर्वोदय नगर' व्हावं म्हणून त्यांनी हे शहर निवडलं, इथे मुक्काम ठोकला, १५ ऑगस्टला विसर्जन आश्रम स्थापन झाला. गागोद्यात जन्मलेल्या या माणसाने १९५१मध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीत दलितांसाठी जमीन मागितली होती. माझ्या मते भूदानाचं खरं मोल इथे आहे: मागताना त्यांच्या डोळ्यांपुढे कूळ नव्हतं, भूमिहीन होता. कायद्याने जे केलं नाही, ते त्यांनी विचारात केलं. पण देशभर मिळालेल्या चाळीस लाखांहून अधिक एकरांपैकी कितीतरी जमीन वाटलीच गेली नाही, आणि वाटलेल्यातलीही बरीच नांगराला दाद देणारी नव्हती.

मध्य प्रदेशात भूमिहीनाला नजरेसमोर ठेवून झालेला सर्वांत ठळक सरकारी प्रयत्न दिग्विजय सिंह यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळातला. गावाच्या चरणोईचं, म्हणजे गायरानाचं, राखीव प्रमाण साडेसात टक्क्यांवरून पाच आणि मग दोन टक्क्यांवर आणून निघालेली जमीन दलित-आदिवासींना पट्ट्याने द्यायची. दलित-आदिवासी हक्कांचा जानेवारी २००२चा भोपाळ जाहीरनामा याच काळातला. पट्टे वाटले गेले, फोटो निघाले. गावात काय झालं? चरणोईवर आधीपासून बड्या शेतकऱ्यांचा अतिक्रमणाचा नांगर चालत होता, तो तसाच चालत राहिला. पट्टेदाराच्या हातात कागद आणि जमिनीवर दुसऱ्याचा गहू. मोजणीला पटवारी यायचा नाही, आला तर हद्दीचे दगड आठवडाभर टिकायचे नाहीत, आणि तक्रार करावी तर उद्याची मजुरी त्याच शेतकऱ्याकडे मागायची. जमीनहक्कांसाठी लढणाऱ्या एकता परिषदेच्या झेंड्याखाली २००७मध्ये सुमारे पंचवीस हजार माणसं ग्वाल्हेरहून दिल्लीपर्यंत पायी गेली, त्यांच्यातल्या कित्येकांचं मागणं नव्या जमिनीचं नव्हतंच. कागदावर मिळालेल्या जमिनीचा ताबा द्या, एवढंच होतं.

नर्मदेवरच्या धरणाच्या बुडितातही हेच सूत्र दिसतं. नर्मदा पाणीतंटा लवादाच्या १९७९च्या निवाड्यात जमीन गमावणाऱ्या पात्र कुटुंबाला किमान दोन हेक्टर देण्याचं बंधन आलं. बडवानी-धारच्या गावांतल्या भूमिहीन मजुराला जमिनीचा असा हक्क नव्हता, कारण त्याचं बुडालं ते काम, आणि कामाचा उतारा निघत नाही. नर्मदा नियंत्रण प्राधिकरणाचं कार्यालय आपल्या इंदुरात आहे. मेधा पाटकरांसोबत तिथे धरणं धरून बसलेली माणसं या शहराने अनेकदा पाहिली, आणि ओलांडून पुढे गेलं.

ही गत फक्त आपली नाही. फिलिपीन्समध्ये राष्ट्राध्यक्ष कोराझोन अकिनो यांनी १९८८मध्ये व्यापक जमीनसुधारणा कायदा आणला. पण त्यांच्याच माहेरची, सहा हजारांहून अधिक हेक्टर उसाची हासिएन्दा लुइसिता ही जमीनदारी मजुरांना मिळाली नाही. जमिनीऐवजी कंपनीचे शेअर दिले गेले. नोव्हेंबर २००४मध्ये संपावरच्या मजुरांवर गोळीबार होऊन सात जण मेले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने पुढे तुकडे हाती आले, तर ना भांडवल ना पाणी, म्हणून अनेकांनी ते भाड्याने देऊन टाकले. महाराष्ट्राच्या शेती महामंडळाची कथा वाचणाऱ्याला यात फारसं परकं वाटणार नाही. खंडकऱ्यांच्या, म्हणजे जमिनी खंडाने दिलेल्या मूळ शेतकऱ्यांच्या, वारसांना जमिनी परत मिळू लागल्या, पण त्याच मळ्यांवर पिढ्या घालवलेल्या कामगारांना राहत्या जागेसाठी दोन गुंठे मागत आंदोलनं करावी लागली.

देशात १९५१ साली सुमारे पावणेतीन कोटी शेतमजूर होते. २०११च्या जनगणनेत १४ कोटी ४३ लाख, शेतकऱ्यांपेक्षाही जास्त. मध्य प्रदेशात १ कोटी २२ लाख मजूर, शेतकरी ९८ लाख. आणि कामाचे दिवस घटत चाललेले. सोयाबीनची निंदणी तणनाशकाने खाल्ली, गव्हाची कापणी पंजाबच्या हार्वेस्टरने. हाताने होणारी कामं उरली ती लसूण, बटाटा, कांदा. इंदूरच्या चोइथराम मंडीत गोण्यांच्या थप्प्या लागतात त्यामागे झाबुआ-अलीराजपूरहून आलेली कुटुंबं असतात. बोअरवेलच्या खोपटाशेजारी ताडपत्री बांधून राहायचं. बायका उकिडव्या बसून गड्डे उपटतात, विळ्याने पात छाटतात, जाड-मध्यम-बारीक अशी वर्गवारी करतात. लसणाच्या रसाने बोटांची सालं निघतात. भाव चढला तर बातमी होते; उक्तं काम मात्र आधीच ठरलेल्या दराने पुरं करायचं.

ज्याला थोडी ऐपत आहे तो बटाईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, किंवा मुनाफ्याने, म्हणजे ठरावीक रोख भाड्यावर, जमीन करतो. १९५९च्या संहितेने भाडेपट्ट्यावर कडक बंधनं घातली ती कुळाच्या संरक्षणासाठी. परिणाम उलटा झाला. कूळ कागदावरून नाहीसं झालं आणि तोंडी करार उरले. बी-खताचा खर्च, गारपिटीचा धोका बटाईदाराचा. केंद्राच्या किसान सन्मान निधीचे वर्षाला सहा हजार आणि राज्याच्या योजनेचे सहा हजार मात्र खसऱ्यावर नाव असलेल्याचे, मग तो शेतावर जावो न जावो. यावर उपाय म्हणून राज्याने २०१६मध्ये भूमिस्वामी आणि बटाईदार यांच्या हितरक्षणाचा कायदा केला. लेखी करार करा, म्हणजे मालकी मालकाची राहील आणि नुकसानभरपाईत कसणाऱ्याला वाटा मिळेल.

हा अंक वाचणाऱ्यांपैकी काहींची देवास, सांवेर, महू, धारकडे आजही जमीन आहे, आणि ती कोणीतरी दुसरा करतो आहे. त्यांना माझी विनंती आहे: या रब्बीपूर्वी त्याच्याशी लेखी करार करा.