साथीदार पात्रांचे चिलखत आणि रूपबदल

काल्पनिक अद्भुतविश्वावर आधारलेल्या भूमिकाप्रधान व्हिडिओ खेळांत मुख्य पात्रासोबत प्रवास करणाऱ्या व लढणाऱ्या पात्रांना साथीदार पात्रे म्हणतात. या पात्रांची शस्त्रे, चिलखते, पोशाख व रंग बदलण्याची मुभा खेळाडूला किती असावी, हा अशा खेळांच्या रचनेतील महत्त्वाचा प्रश्न आहे. चिलखत हे संरक्षणाचे साधन असते, तसेच ते पात्राची ओळखही असते. त्यामुळे खेळाडूचे स्वातंत्र्य आणि लेखकाने घडवलेले व्यक्तिचित्र यांत ओढाताण निर्माण होते.

पार्श्वभूमी

बायोवेअर या कंपनीच्या 'बाल्डर्स गेट' (१९९८) या खेळात खेळाडूसह सहा जणांची तुकडी असे आणि प्रत्येकाची साधनसामग्री खेळाडूच ठरवत असे. चिलखत बदलले की पडद्यावरील लहान आकृती बदले. पात्राचे रंगवलेले व्यक्तिचित्र मात्र तेच राही. पुढे त्रिमितीय चित्रणात साथीदार जवळून दिसू लागले, संवादप्रसंगांत त्यांचा पोशाख ठळकपणे नजरेस येऊ लागला आणि हा प्रश्न अधिक तीव्र झाला.

प्रमुख पद्धती

पूर्ण मुभा: 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' (२००९) मध्ये बहुतेक साथीदारांना कोणतेही चिलखत घालता येते, मात्र जड चिलखतासाठी पुरेसे शारीरिक बळ लागते आणि त्याच्या भारामुळे विशेष कौशल्ये वापरण्याचा खर्च वाढतो. याचा तोटा असा की एकच चिलखत घातलेली भिन्न स्वभावाची पात्रे सारखीच दिसू लागतात.

ठरावीक रूप: 'ड्रॅगन एज २' (२०११) मध्ये साथीदारांचे चिलखत खेळाडूला बदलता येत नाही. त्याऐवजी त्या त्या पात्रासाठीच्या सुधारणा मिळवून संरक्षण वाढवता येते. यामुळे प्रत्येक पात्र दुरूनही ओळखू येते. परंतु सापडलेली बरीचशी चिलखते साथीदारांच्या कामी येत नाहीत.

मध्यममार्ग: 'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन' (२०१४) मध्ये चिलखत बदलता येते, मात्र एकाच प्रकारचे चिलखत प्रत्येक साथीदाराच्या अंगावर त्याच्या शैलीनुसार वेगळे दिसते. चिलखत घडवताना वापरलेल्या धातू, कातडे व कापडानुसार त्याचा रंग आणि गुणधर्म ठरतात.

स्वयंनिवड: 'द एल्डर स्क्रोल्स ५: स्कायरिम' (२०११) मध्ये खेळाडू अनुयायाला वस्तू देतो, त्यांपैकी अधिक संरक्षण देणारे चिलखत अनुयायी आपणहून चढवतो.

रूप व गुणधर्म यांची फारकत

लॅरियन स्टुडिओजच्या 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) मध्ये लढाईचे चिलखत व मुक्कामावरील कपडे यांसाठी स्वतंत्र जागा आहेत आणि रंगद्रव्ये वापरून पोशाखाचे रंग बदलता येतात. नियमांची मर्यादा मात्र कायम राहते: जड चिलखताचे प्रावीण्य नसलेल्या गेल या जादूगाराला ते घातल्यास त्याला मंत्र वापरता येत नाहीत. 'ड्रॅगन एज: द व्हेलगार्ड' (२०२४) मध्ये साधनाचे गुणधर्म आणि दिसणारे रूप वेगवेगळे निवडता येतात. त्यामुळे उत्तम संरक्षण आणि आवडता पोशाख यांपैकी एकाचा त्याग करावा लागत नाही.

खेळाडूनिर्मित बदल

मूळ खेळात नसलेले पोशाख, केशरचना व चेहरे खेळाडू स्वतः तयार करून इतरांना उपलब्ध करून देतात. अशा भरींना 'मॉड' म्हणतात. 'स्कायरिम'साठी २०१२ मध्ये, तर 'बाल्डर्स गेट ३'साठी २०२४ मध्ये निर्मात्यांनीच अधिकृत साधने दिली. या बदलांमुळे लेखकाने कल्पिलेले रूप आणि खेळाडूला हवे असलेले रूप यांपैकी अंतिम निवड बऱ्याच अंशी खेळाडूच्या हाती आली आहे.