रक्तातील खुणा आणि फुप्फुसाचा आजार

सन १९३० मध्ये न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट व थॉमस फ्रान्सिस हे संशोधक न्यूमोनियाच्या रुग्णांचे रक्त तपासत होते. आजार भरात असताना रक्तद्रवातील एक पदार्थ न्यूमोनियाच्या जंतूतील ‘सी’ नामक अंशाशी संयोग पावून साका धरतो आणि रुग्णास उतार पडताच तो दिसेनासा होतो, असे त्यांना आढळून आले. पुढे त्यास ‘सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन’ हे नाव मिळाले. कोरोनाच्या साथीत आपल्याकडे घरोघरी ज्या ‘सीआरपी’ची चर्चा झाली, ते हेच प्रथिन होय.

हे प्रथिन मुख्यतः फुप्फुसात नव्हे, तर यकृतात तयार होते. शरीरात कोठेही दाह निर्माण झाला की सुमारे सहा तासांत त्याचे रक्तातील प्रमाण वाढू लागते व साधारणतः दोन दिवसांत ते कळसास पोहोचते. दाहाचे कारण दूर झाले म्हणजे दर १९ तासांनी ते जवळजवळ निम्मे होत जाते. त्यामुळे एका दिवसाच्या आकड्यापेक्षा दोन-तीन दिवसांतील चढउतार डॉक्टरांना अधिक सांगून जातो. धूर दिसला म्हणजे कोठेतरी आग आहे एवढे कळते. ती कोणाच्या घराला लागली आहे, हे मात्र जवळ जाऊनच पाहावे लागते.

रक्तातील गुठळ्या विरघळू लागल्याचे सुचविणारा ‘डी-डायमर’ आणि पेशींची हानी दर्शविणारा ‘एलडीएच’ यांचेही तसेच आहे. न्यूमोनियाची तीव्रता ठरविण्यासाठी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कर्ब-६५’ या पद्धतीत पाच गुण आहेत. त्यांपैकी रक्तातील युरियाचा गुण एकच. रुग्णाचा मानसिक गोंधळ, मिनिटाला ३० वा अधिक श्वास, उतरलेला रक्तदाब आणि ६५ वा त्याहून अधिक वय हे उरलेले चार गुण रुग्णाच्या खाटेपाशीच समजतात.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत नेमका याचाच विसर पडला. शाळेच्या गुणपत्रिका ताडून पाहाव्यात तसे शेजारीपाजारी एकमेकांचे अहवाल ताडून पाहू लागले. लक्षणे सौम्य व प्राणवायूचे प्रमाण समाधानकारक असेल तर या रक्तचाचण्या करू नयेत, त्यातून केवळ घबराट वाढते, असे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांना त्या वर्षीच्या मे महिन्यात जाहीरपणे सांगावे लागले. घबराटीपोटी घेतलेली स्टेरॉइडे निरुपद्रवी नव्हती. ‘डेक्सामेथासोन’मुळे प्राणवायूवर असलेल्या रुग्णांतील मृत्यू घटतात, प्राणवायूची गरज नसलेल्यांना मात्र लाभ होत नाही, हे ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने जून २०२० मध्येच दाखवून दिले होते. अनियंत्रित मधुमेहात अशा औषधांचा अतिरेक झाला की काळ्या बुरशीचा धोका वाढतो, याचा कटू अनुभव महाराष्ट्राने घेतला.

याच चाचणीत ‘टोसिलिझुमॅब’ या औषधासाठी रुग्ण निवडताना मात्र सीआरपीचा उपयोग करण्यात आला. प्रत्येक लिटरमागे ७५ मिलिग्रॅम वा अधिक सीआरपी आणि त्याच्या जोडीला घटलेला प्राणवायू, अशा दोन्ही अटी होत्या. निष्कर्ष फेब्रुवारी २०२१ मध्ये हाती आले; मृत्यूंचे प्रमाण कमी झाले होते.

अहवाल हाती आल्यावर आकड्यापुढील एकक अवश्य पाहावे. काही प्रयोगशाळा सीआरपी प्रतिलिटर मिलिग्रॅममध्ये देतात, तर काही प्रतिडेसिलिटर. पहिल्या पद्धतीतील ६० म्हणजे दुसऱ्या पद्धतीतील ६ होत.