सैनिकाचे ओझे आणि लज्जा

युद्धाची चर्चा बहुधा शौर्याच्या अंगाने होते; लढणाऱ्याच्या मनावर काय ओझे असते, हा प्रश्न मागे पडतो. अमेरिकन लेखक टिम ओब्रायन यांच्या 'द थिंग्ज दे कॅरीड' (1990) या कथाग्रंथाचा मात्र तोच विषय आहे. ओब्रायन यांना 1968 साली सक्तीच्या सैन्यभरतीचा हुकूम आला आणि पुढे ते व्हिएतनाममधील क्वांग न्गाई प्रांतात पायदळात होते. ग्रंथ कल्पित असला तरी त्यामागे हा अनुभव उभा आहे.

प्रारंभीच सैनिकांजवळील वस्तूंची वजने दिलेली आहेत. शिरस्त्राण 5 पौंड, मशीनगन 23 पौंड, बॅटरीसह बिनतारी यंत्र 26 पौंड. त्याच कोरड्या सुरात भीती, शोक आणि लज्जा यांचीही नोंद होते. यांत सर्वांत जड लज्जाच होय, असे आमचे मत आहे.

एका प्रकरणात लेमन नावाचा बेडर सैनिक दंतवैद्याचा हात लागण्यापूर्वीच मूर्च्छित पडतो. सोबत्यांसमोर झालेली ही शोभा त्याला सहन होत नाही. त्याच रात्री तो वैद्याला उठवतो, दाढ दुखत असल्याचा हट्ट धरतो आणि चांगला दात उपटून घेतो. प्रसंग हास्यास्पद वाटतो. परंतु 'मर्दपणा' म्हणजे काय, हे यापेक्षा नेमके सांगणे कठीण आहे. शरीराची हानी चालेल, पण चारचौघांतील हसे नको!

ग्रंथातील निवेदकाचे नावही टिम ओब्रायनच आहे. युद्ध अन्यायाचे आहे असे त्याला पटलेले असते. तो कॅनडाच्या सीमेवरील रेनी नदीपर्यंत जातो, पैलतीर समोर दिसतो. तरीही गावातील लोक काय म्हणतील या विचाराने त्याचे पाय उचलत नाहीत. तो युद्धावर जातो आणि त्यालाच भ्याडपणा म्हणतो.

येथे बौद्ध वाचकास 'हिरि' आणि 'ओत्तप्प' यांचे स्मरण होईल. अंगुत्तरनिकायात या दोन धर्मांना जगाचे रक्षक म्हटले आहे. हिरि म्हणजे पापकृत्याची लाज, ओत्तप्प म्हणजे त्याचे भय. रेनी नदीवरील लज्जा दिसते तशीच, पण तिची दिशा उलटी आहे. अकुशल टाळण्याचीच तेथे लाज वाटते.

संयुत्तनिकायातील योधाजीव गामणीचा प्रसंगही येथे पाहण्याजोगा आहे. रणात मरणाऱ्यास देवलोक मिळतो हे खरे काय, असे तो विचारतो. भगवान दोनदा उत्तर टाळतात. तिसऱ्यांदा सांगतात की, 'हे मारले जावोत' अशा विचाराने लढणाऱ्याचे चित्त आधीच हीन झालेले असते, आणि देवलोकाची ती समजूत मिथ्या आहे. गामणी रडू लागतो. आपल्या उत्तराने नव्हे, तर पूर्वीच्या आचार्यांनी दीर्घकाळ फसविले म्हणून रडतो, असे तो म्हणतो. पेशाने योद्धा असलेला हा पुरुष उघडपणे रडतो आणि सुत्तात त्याला कोणी भ्याड म्हणत नाही. (परलोकाविषयीच्या भाषेचा अर्थ कसा लावावा, हा वेगळा विषय आहे.)

गामणीला ऐकून घेणारा भेटला. ओब्रायन यांच्या नॉर्मन बोकरला तोही भेटत नाही. सात पदके घेऊन तो आयोवातील आपल्या गावी परततो. आपण वाचवू न शकलेल्या मित्राची हकीकत त्याला वडिलांना सांगायची असते. तो तळ्याभोवती मोटारीतून बारा फेऱ्या घालतो, पण बोलत नाही. पुढे 1978 साली त्याने गळफास घेतल्याचे निवेदक सांगतो. आघातोत्तर तणावाच्या विकाराला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने अधिकृत नाव दिले ते 1980 साली.