एकच भाव, सगळ्यांना एकाच वेळी: मल्टिकास्ट कसं चालतं?

आजचा भाग नगरहून. कागदावर आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडात अजून नगरच बसलंय.

समजा, नेप्तीच्या उपबाजारात कांद्याचा भाव निघाला आणि एका माणसाने तो शंभर शेतकऱ्यांना एकेक फोन करून सांगायचा. पहिल्याला लगेच कळेल. शंभराव्याचा नंबर लागेपर्यंत भाव बदललेला असेल. नेटवर्कमध्ये अशा एकाला-एक पाठवण्याला युनिकास्ट म्हणतात.

हे फक्त उदाहरण नाही बरं का. मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराच्या को-लोकेशनमध्ये ब्रोकरांचे सर्व्हर बाजाराच्या सर्व्हरजवळच असतात. तिथे प्रत्येक ऑर्डरची माहिती आधी टीसीपीवर जायची, म्हणजे प्रत्येक ब्रोकरला वेगळी प्रत, एकामागून एक. आधी जोडला जाणाऱ्याला माहिती आधी मिळते, असा आक्षेप आला. सेबीने एप्रिल २०१९ मध्ये बाजाराला ६२४.८९ कोटी रुपये व्याजासह भरायला सांगितले. जानेवारी २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ती वसुली रद्द केली, पण पुरेशी काळजी घेतली नाही म्हणून १०० कोटी भरायला लावले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. दरम्यान, २०१४ च्या सुमारास बाजार मल्टिकास्टकडे वळला होता.

मग मल्टिकास्टमध्ये वेगळं काय? पाठवणारा एकच प्रत सोडतो, एका गटाच्या पत्त्यावर. आयपीव्ही४ मध्ये २२४.०.०.० ते २३९.२५५.२५५.२५५ हे पत्ते त्यासाठी राखीव आहेत. हा पत्ता कुठल्या एका मशीनचा नसतो. रेडिओच्या स्टेशनसारखं समजा: ज्याला ऐकायचंय त्याने ते लावायचं. पाठवणाऱ्याला ऐकणाऱ्यांची यादी लागतच नाही.

हे ‘स्टेशन लावणं’ आयजीएमपी नावाच्या प्रोटोकॉलने होतं. तुमचं मशीन सांगतं, ‘मला या गटात घ्या.’ राउटर तो प्रवाह तुमच्या नेटवर्ककडे वळवतो. स्विच हे बोलणं चोरून ऐकतो आणि ज्या पोर्टवर मागणी आहे तिथेच प्रती काढतो. म्हणजे शंभर प्रती काढायचं काम सर्व्हरकडून स्विचच्या हार्डवेअरकडे गेलं. तिथे आधी-नंतरचा फरक अगदीच कमी उरतो.

इथे मी एकदा चांगलाच आपटलोय. टेस्ट सेटअपवर डेटा मस्त यायचा आणि चारेक मिनिटांनी गप्प! दोन दिवस माझ्याच कोडमध्ये चूक शोधत बसलो. कारण निघालं वेगळंच. ‘अजून कोण ऐकतंय का?’ असं अधूनमधून विचारणारा क्वेरियर नेटवर्कमध्ये नव्हताच. कुणी विचारलं नाही, म्हणून माझ्या मशीनने परत सांगितलं नाही, आणि स्विचने मला यादीतून काढून टाकलं. साधारण २६० सेकंदांची मुदत असते ती.

आता तोटा. मल्टिकास्ट यूडीपीवर चालतं, त्यामुळे पॅकेट हरवलं तर आपोआप परत येत नाही. म्हणून प्रत्येक संदेशावर क्रमांक टाकतात. ४१ नंतर थेट ४३ आला, की ४२ वेगळ्या वाटेने मागवायचा.

आणि हो, उघड्या इंटरनेटवर हे सहसा चालत नाही, कारण मधल्या कंपन्या असे प्रवाह पुढे नेत नाहीत. म्हणून यूट्यूबवरचं लाइव्ह प्रत्येकाला वेगळं पाठवावं लागतं.

तर मंडळी, सिस्टिम बांधताना ‘डेटा पोचला का?’ एवढंच विचारू नका. ‘कुणाला आधी पोचला?’ हेही विचारा. भेटू पुढच्या भागात!