शंभर टक्के निकालाचं गणित



सीबीएसईचा दहावीचा निकाल लागला की आमच्या जुमेरा लेक टॉवर्समध्ये आठवडाभर दुसरा विषय नसतो. लिफ्टमध्ये, तळ्याकाठी फिरताना, क्लस्टरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, सगळीकडे तेच. अमक्या शाळेचा शंभर टक्के, तमक्या शाळेत नव्वदच्या वर इतकी मुलं. माझी मुलगी यंदा सहावीत आहे, त्यामुळे मीही कान देऊन ऐकतो. शाळा इथलीच ठेवायची, बदलायची की दोन-तीन वर्षांत गाशा गुंडाळून पुण्याला जायचं, हे आमच्या घरातलं सध्याचं चर्चासत्र.

त्यातच दुसरीकडून एक प्रश्न आला. मी शिकलो ती धाराशिव जिल्ह्यातली जिल्हा परिषद प्रशाला. (पश्चिम महाराष्ट्रातल्यांना नवल वाटेल, पण मराठवाड्यात निजामाच्या काळातली सरकारी हायस्कुलं पुढे जिल्हा परिषदांकडे आली, म्हणून आमच्याकडे दहावीपर्यंतची झेडपीची शाळा असते.) आम्ही माजी विद्यार्थी शाळेसाठी वर्गणी काढतोय. ग्रुपवर एकाने सुचवलं, "निकाल शंभर टक्के लागला तरच पैसे द्यायचे. शिक्षकांना टार्गेट पाहिजे." धडाधड अंगठे पडले. माझा अंगठा काही उठेना. का, ते जरा सविस्तर सांगतो.

आधी निकाल म्हणजे काय ते पाहू. राज्य मंडळाचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये तो एकदम ७७.१० वर आला. २०२० मध्ये ९५.३० आणि कोविडमुळे परीक्षाच झाली नाही त्या २०२१ मध्ये ९९.९५! महाराष्ट्रातली मुलं २०१९ मध्ये अचानक ढ झाली आणि वर्षभरात हुशार झाली, असं कुणी म्हणणार नाही. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे २० अंतर्गत गुण काढले होते, पुढच्या वर्षी परत आले. शिवाय लॉकडाऊनमुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे सरासरी गुण मिळाले. म्हणजे मोजपट्टी हलली की निकाल हलतो. आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, टेस्ट केस बदलल्या आणि कोड सुधारला असं जाहीर केलं.

दुसरी गोष्ट याहून मोठी. बाकांवर कोण बसलंय?

दुबईत सरकारी शाळा प्रामुख्याने अमिराती मुलांच्या, म्हणून आपली मुलं खाजगी शाळांत. ब्रिटिश अभ्यासक्रमानंतर सर्वात जास्त मुलं भारतीय अभ्यासक्रमात आहेत. या वर्गांत गरिबाचं मूल का दिसत नाही? कारण ते इथे येऊच शकत नाही. कुटुंबाचा व्हिसा काढायला पगार किमान ४,००० दिरहम लागतो, किंवा ३,००० आणि राहायची सोय. २०१९ मध्ये हुद्द्याची अट गेली, पगाराची राहिली. वर शाळेची फी वेगळीच. सोनापूर किंवा अल कूझच्या लेबर कॅम्पमध्ये राहणारा गवंडी, ज्याने आपले हे टॉवर्स उभे केले, त्याची मुलं बिहारमध्ये, तेलंगणात, नाहीतर आपल्याच एखाद्या तालुक्यात असतात. म्हणजे इथल्या शाळेने प्रवेशपरीक्षा घेतली नाही तरी इमिग्रेशनने चाळणी आधीच लावलेली असते. गवंड्याचं मूल तिकडच्या सरकारी शाळेत बसतं आणि त्याचे मार्क त्या शाळेच्या खात्यावर पडतात. मग आपण दोन निकाल शेजारी ठेवून म्हणतो, "बघा, सरकारी शाळा कशा असतात!"

आमच्या प्रशालेत माझ्या वर्गात निम्मी मुलं ऊसतोड कामगारांची होती. दिवाळी झाली की बिऱ्हाड साखर कारखान्यावर जायचं. आजी-आजोबांकडे राहिली ती मुलं शाळेत टिकली. बाकीची मार्चच्या आसपास परीक्षेपुरती उगवायची, काही उगवायचीच नाहीत. निकाल पन्नास-पंचावन्न टक्क्यांच्या पुढे जायचा नाही. गणिताचे सर पहाटे सहाला अशा मुलांचा वेगळा तास घ्यायचे. त्यातली चार पास झाली तरी शाळेचा आकडा जेमतेम हलायचा. पण त्या चार घरांत काय हललं, ते मी पाहिलंय.

हे नुसतं आठवणींवर चाललेलं नाही. अमेरिकेत १९६६ मध्ये जेम्स कोलमन यांचा अहवाल आला. सुमारे ४,००० सरकारी शाळा आणि सहा लाखांच्या आसपास मुलं. निष्कर्ष असा, की मुलांच्या यशातला फरक इमारती आणि प्रयोगशाळांपेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त जुळतो. त्यावर आजतागायत वाद चालू आहेत. पण त्यातलाच एक मुद्दा कमी सांगितला जातो: ज्यांच्या घरी आधार कमी, त्या मुलांना शाळेच्या बऱ्या-वाईटाने जास्त फरक पडतो. याचा अर्थ नीट लावला तर अवघड आहे. माझी मुलगी बहुतेक कुठल्याही शाळेत पास होईल. घरात दोन पदवीधर आहेत, इंटरनेट आहे, वेळ पडली तर ट्यूशन आहे. शाळा चांगली असण्याची खरी गरज आहे ती ऊसतोडीवरून परतलेल्या मुलाला. आणि आपण 'नापास' ठरवतो ती नेमकी त्याचीच शाळा.

आता टार्गेटकडे येऊ. शंभर टक्के निकाल लावायचे दोन मार्ग असतात. एक, सगळ्यांना शिकवणं. दुसरा सोपा: कच्च्या मुलांना नववीतच अडवणं, किंवा पालकांना बोलावून १७ नंबरचा फॉर्म भरायला लावणं. मूल खाजगीरीत्या बसलं की ते शाळेच्या निकालात धरलं जात नाही. पैशाची अट घातली तर दमलेला मुख्याध्यापक कुठला मार्ग धरेल, हे सांगायला ज्योतिषी नको. आपली देणगी त्याच मुलाला बाहेर काढायला वापरली जाईल.

मग शाळा पारखायची कशी? दुबईत एक बरी सोय झाली. केएचडीएने २००८-०९ पासून खाजगी शाळांची तपासणी सुरू केली आणि अहवाल सर्वांसाठी खुले ठेवले. आपण वरचा एक शब्द वाचतो, 'उत्कृष्ट' की 'चांगली', आणि बंद करतो. आत पाहिलं तर प्रत्येक विषयात दोन वेगळ्या श्रेणी असतात: मुलं आज कुठल्या पातळीवर आहेत ही एक, आणि सुरुवात केली तिथून किती पुढे आली ही दुसरी. पहिलीत घराचा वाटा बराच. शाळेचं काम दुसरीत जास्त दिसतं. दरवर्षी किती शिक्षक सोडून जातात तेही त्यात असतं, आणि माझ्या मते तो आकडा फीच्या आकड्याइतकाच वाचण्यासारखा आहे. इंग्लंडनेही २०१६ मध्ये 'प्रोग्रेस ८' आणलं ते याच विचाराने: प्राथमिक शाळा सोडताना सारख्याच पातळीवर असलेल्या मुलांशी तुलना करायची.

आमच्या प्रशालेसाठी एवढी यंत्रणा नाही, पण हजेरीपट आहे. मी ग्रुपवर लिहिलं, की टक्केवारी विचारू नका, तीन आकडे मागा. आठवीत किती मुलं होती? त्यातली किती दहावीच्या परीक्षेला शाळेतर्फे बसली? आणि किती पास झाली? ६० मुलं आठवीत, ३० परीक्षेला आणि ३० पास, हा 'शंभर टक्के' निकाल. ६० आठवीत, ५६ परीक्षेला आणि ४२ पास, हा पंचाहत्तर टक्के. बारा मुलं जास्त पास करणारी शाळा पेपरात मागे दिसते!

पैसे कुठे घालायचे तेही सुचवलं: आई-बाप कारखान्यावर असताना मुलांना गावातच ठेवता यावं म्हणून सहा महिन्यांचं जेवण आणि संध्याकाळचा अभ्यासवर्ग. अट एकच, दिवाळीआधीची पटसंख्या मार्चमध्ये टिकली पाहिजे. अजून एकमत नाही. दोघे-तिघे म्हणतात, याने पेपरात नाव येणार नाही. खरं आहे, येणार नाही.

तुमच्यापैकीही बरेच जण गावाकडच्या शाळांना मदत करत असाल. पुढचा चेक लिहिण्याआधी हे तीन आकडे एकदा मागवून बघा, आणि काय आले ते इथे जरूर कळवा.