तेराशे पाचवरची परभणी

रेडिओचा काटा मध्यम लहरींवर डावीकडून उजवीकडे सरकवत नेला की महाराष्ट्राचा एक वेगळाच नकाशा लागतो. ५५८ ला मुंबई, ५८५ ला नागपूर, ७९२ ला पुणे, ९६३ ला जळगाव, १२५१ ला सांगली. तिथून बोटभर पुढं, १३०५ किलोहर्ट्झवर, परभणी. हे आकडे आमच्याकडं कुणाला पाठ नव्हते. घरातल्या कुणीतरी रेडिओच्या काचेवर नेमक्या जागी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलेला असे. काटा ठिपक्यावर आला की परभणी लागली.

पहाटे सगळ्यात आधी यायची ती धून. तंबोऱ्यावर व्हायोलिन, शब्द नाहीत, ताल नाही. ऐकताना कुणीतरी दूरवरून चालत येतंय असं वाटायचं. आकाशवाणीची ही धून वॉल्टर कॉफमन यांच्या नावावर आहे. प्रागमध्ये संगीत शिकलेला हा ज्यू माणूस हिटलरचा धोका ओळखून १९३४ मध्ये मुंबईला आला, इथल्या रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा विभाग त्यानं सांभाळला आणि १९४६ मध्ये तो हा देशही सोडून गेला. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं म्हणून आम्ही छाती फुगवतो. त्याच जर्मनीच्या भीतीनं घरदार सोडलेल्या माणसाच्या सुरांवर आमचं केंद्र वर्षानुवर्षं उघडत आलं, हे मात्र फार थोड्या परभणीकरांना माहीत असतं.

परभणीबद्दलची दुसरी म्हण निजामी काळातली आहे: ‘बनी तो बनी, नहीं तो परभनी.’ जमलं तर जमलं, नाही तर परभणी आहेच. आकाशवाणीत बदलीवर आलेल्या पुण्या-मुंबईच्या माणसांना ही दुसरी म्हण आधी आठवत असणार.

हे केंद्र १९६८ मध्ये सुरू झालं. मुंबईला रेडिओ १९२७ पासून होता, नागपूरला १९४८ पासून, पुण्याला १९५३ पासून. मराठवाड्याची पाळी इतक्या उशिरा का आली, हे समजायला थोडं मागं जावं लागतं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा होता. हैदराबादला निजामाचा रेडिओ १९३५ पासून होता आणि औरंगाबादलाही संस्थानाचं एक छोटं केंद्र होतं. १९५० मध्ये ही दोन्ही केंद्रं भारत सरकारकडं आली. औरंगाबादचं फार टिकलं नाही. म्हणजे निजाम गेला आणि त्याच्यामागं काही वर्षांत मराठवाड्याचा रेडिओही गेला. पुढं १९५६ मध्ये आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात. पुण्याचं स्टेशन ऐकायचं, ‘गीतरामायण’ खरखरीतून गाळून घ्यायचं, पण आपलं माणूस काही त्या पेटीतून बोलत नसे.

संस्थानात कचेरीची भाषा उर्दू, वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. मराठी घरात बोलायची, जात्यावर म्हणायची, कीर्तनात ऐकायची. साताऱ्या-पुण्याकडच्या माणसाला मराठीत अर्ज करणं ही साधी गोष्ट वाटे, आमच्या आजोबांच्या पिढीला ती नव्हती. परभणी जिल्ह्यातल्या सातोन्याचे बी. रघुनाथ याच राज्याच्या बांधकाम खात्यात कारकुनी करत मराठी कथा-कादंबऱ्या लिहीत राहिले आणि १९५३ मध्ये चाळिशी गाठतात न गाठतात तोच गेले. परभणीत रेडिओ आला तेव्हा त्यांना जाऊन पंधरा वर्षं झाली होती. त्यांचा आवाज या केंद्राला मिळायला हवा होता, असं मला नेहमी वाटत आलंय.

तेव्हाचा परभणी जिल्हा मोठा. हिंगोली वेगळा झाला तो १९९९ मध्ये. मनमाड-काचीगुडा रेल्वेवरचं हे गाव मराठवाड्याच्या साधारण मध्यावर येतं. मध्यम लहरींना मध्यावरची जागा मानवते. केंद्राचा वीस किलोवॅटचा प्रक्षेपक म्हणजे देशाच्या हिशेबात मधल्या ताकदीचा. पण दिवसा या लहरी जमिनीला धरून चालतात आणि जमीन विजेला जितकी वाट देईल तितक्या लांब जातात. कोरड्या खडकात त्या लवकर दमतात, ओल धरणाऱ्या जमिनीत पल्ला गाठतात. गोदाकाठची काळी कसदार जमीन पऱ्हाटीला चांगली तशीच रेडिओलाही चांगली. प्रक्षेपणाच्या मनोऱ्याच्या पायाशी, जमिनीखाली, तांब्याच्या तारा चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरून पुरलेल्या असतात. वर दिसतो तो मनोरा आणि खाली हे जाळं, दोन्ही मिळून एक यंत्र होतं. चोरांना मात्र नेहमी खालच्याच अर्ध्यात रस असतो.

रात्री सगळा खेळ बदलतो. दिवस मावळला की त्याच लहरी आभाळातल्या विद्युतभारित थरावर आपटून शेकडो मैल दूर पडतात. मग आपल्या भजनात कुठलीतरी अनोळखी भाषा मिसळते आणि आपलं भजन कुणाच्या तरी परक्या अंगणात जाऊन पडतं. लहानपणी त्या मिसळलेल्या आवाजांचा राग यायचा. आता वाटतं, दुनियेशी आमची पहिली ओळख तिथंच झाली.

केंद्र सुरू झालं तो काळ हरितक्रांतीचा. १९६६ पासून आकाशवाणीनं शेतीसाठी खास विभाग उघडायला घेतले होते. त्याआधी १९५६ मध्ये पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला होता: पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं, गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकायचं, चर्चा करायची, प्रश्न केंद्राला कळवायचे. तो प्रयोग जगभर गाजला. मराठवाडा त्यात नव्हता. परभणीला मात्र नशिबानं दुसरी जोड मिळाली. १८ मे १९७२ रोजी कृषी विद्यापीठ याच गावात सुरू झालं. केंद्र आणि विद्यापीठ एका गावात आले, आणि ते साल होतं बहात्तरच्या दुष्काळाचं. लोक खडी फोडत होते, सुकडी खात होते आणि संध्याकाळी चावडीवर रेडिओभोवती बसत होते.

विद्यापीठातल्या शास्त्रज्ञाला स्टुडिओत बोलावणं सोपं, त्याचं बोलणं कास्तकाराच्या कानात उतरवणं अवघड. साहेबांच्या कागदावर लिहिलेलं असायचं, ‘कपाशीवरील रसशोषक किडींचे एकात्मिक व्यवस्थापन’. ऐकणाऱ्याला विचारायचं असायचं, ‘पऱ्हाटीवर मावा आलाय, आता काय फवारायचं?’ या दोन वाक्यांच्या मधे कुणीतरी बसावं लागतं. रेडिओतलं खरं कसब त्याच खुर्चीतलं, असं माझं मत आहे. ‘परभणी क्रांती’ भेंडी, ‘परभणी मोती’ ज्वारी, ‘नांदेड ४४’ कापूस ही वाणं विद्यापीठानं काढली, पण वाण शिवारात पोचायला बियाण्याच्या पिशवीइतकाच एक ओळखीचा आवाजही लागतो. मोंढ्यातले भाव, पावसाचा अंदाज, पेरणीची घाई करू नका असा सल्ला: यात साहित्य काही नाही, पण चुकलं तर एखाद्याचं वर्ष जातं.

निवेदकाची नोकरी म्हणजे काय, हे बाहेरच्यांना फारसं कळत नाही. पक्के नोकरदार निवेदक थोडे, बाकी सगळा भार ‘कॅज्युअल’ म्हणजे नैमित्तिक निवेदकांवर. लेखी परीक्षा, मग आवाजाची चाचणी, मग यादीत नाव. महिन्याला सहाएक ड्यूट्या, पैसे ड्यूटीपुरते. पहाटेची पाळी असेल तर चारला उठून सायकल काढायची. ड्यूटी रूममध्ये सही, क्यू शीटवर नजर, मग स्टुडिओ. जाड दार मागं लागतं आणि बाहेरचं जग बंद होतं. समोर घड्याळ, काटा साठावर येईपर्यंत श्वास धरायचा. तीन सेकंदांची शांतता ऐकणाऱ्याला कळतही नाही, पण लॉगबुकात तिची नोंद होते. वीज गेली, टेप तुटली, वक्ता आलाच नाही, तर हाताशी फिलर हवा. एवढं सगळं सांभाळून आवाजात घाम दिसता कामा नये. कॉलेजात शिकवणारे, वकिली करणारे, घर सांभाळणाऱ्या बायका, अशी कितीतरी माणसं यादीवर वीस-वीस वर्षं राहिली. शहरात त्यांना चेहऱ्यानं कुणी ओळखत नसे. दुकानात नुसतं ‘पावशेर साखर द्या’ म्हटलं की दुकानदार मान वर करून बघायचा.

आणि भाषा? निवेदकानं ‘मी येत आहे’ म्हणायचं, ड्यूटीहून घरी गेल्यावर ‘यायलाव’. केंद्राच्या आत पुणेरी नियमांची मराठी, फाटकाबाहेर परभणीची. बरीच वर्षं ही सीमा कडक होती. ग्रामीण श्रुतिकांत ती पहिल्यांदा सैल झाली, कारण तिथं पात्रं शेतकरी. म्हणजे आपली बोली बोलायची तर आधी सोंग घ्यायचं, असा तो हिशेब होता. मला तो तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही.

पण दुसऱ्या एका दारानं बोली सरळ आत आली: लोकसंगीताच्या. गोंधळी, भारूडवाले, वासुदेव, ओव्या म्हणणाऱ्या बायका. ऑडिशन व्हायची, श्रेणी मिळायची, मग टपालानं करारपत्र यायचं. तेव्हा आकाशवाणीचा करार कायद्यानं भारताच्या राष्ट्रपतींच्या वतीनं होत असे. ज्यांच्या आजोबांना मराठीत अर्ज करायची सवय नव्हती, त्यांच्या हातात गोंधळ म्हणण्यासाठी राष्ट्रपतींच्या नावाचा कागद. पुढं चेकही यायचा, आणि तो वटवण्यासाठी बँकेत पहिलं खातं उघडायचं. रकमा किरकोळ असत, पण सरकारी कागदानं आपल्या तोंडच्या बोलीची किंमत मोजली, हे नवं होतं.

आपली बोली रेडिओवर येण्याच्या या गोष्टीशी जुळणारी माणसं दूरच्या जगातही आहेत. अमेरिकेत लॉस एंजेलिसला १९२० च्या दशकाच्या शेवटी पेद्रो गोन्झालेस नावाचा मेक्सिकन माणूस पहाटे चार वाजता स्पॅनिश कार्यक्रम करायचा. ती वेळ इंग्रजी जाहिरातदारांना नको असायची म्हणून स्वस्त. नेमकी त्याच वेळी मजूर उठायचे. हा गडी आधी क्रांतिकारक पांचो व्हियाच्या फौजेत तारायंत्र चालवायचा. रेडिओवरून तो आपल्या लोकांना कामाच्या जागा सांगायचा, त्यांच्यावरच्या अन्यायाबद्दल बोलायचा, आणि १९३४ मध्ये त्याला एका आरोपाखाली तुरुंगात टाकलं गेलं. सहा वर्षांनी सुटका झाली ती थेट हद्दपारीसाठी.

असाच दुसरा रेडिओवाला हायमे हारीन. इक्वेडोरहून १९५५ मध्ये अमेरिकेत आला, आधी कारखान्यात काम केलं, मग स्पॅनिश रेडिओत शिरला. बेसबॉल त्याच्या देशात फारसा नव्हता. तो खेळ शिकून घ्यायला त्यानं वेळ मागून घेतला आणि १९५९ ला समालोचनाला बसला. सुरुवातीच्या काळात लॉस एंजेलिसचा संघ बाहेरगावी खेळायला गेला की हा इकडे स्टुडिओतच असायचा. कानात इंग्रजी समालोचन, तोंडात स्पॅनिश, मैदान डोळ्यांसमोर नाहीच. असे चौसष्ट हंगाम करून तो २०२२ मध्ये निवृत्त झाला. एका भाषेतलं कानात घेऊन दुसरीत सोडणं आमच्या केंद्रावरही रोज चालायचं: समोर इंग्रजी परिपत्रक, घड्याळात चार मिनिटं, आणि ऐकणारा कास्तकार. फरक इतकाच, की हारीनला खेळ शिकावा लागला. कोकणातून किंवा पुण्याहून परभणीला बदलून आलेल्या माणसाला मोंढा, सालदार आणि पऱ्हाटी हे शब्द शिकावे लागले. जे शिकले ते इथलेच होऊन गेले. जे शिकले नाहीत ते बदलीचा अर्ज करत राहिले.

आता परभणीचे लोक स्वतःच बाहेर आहेत. गंगाखेड-सोनपेठकडची माणसं ऊस तोडायला पश्चिमेकडं जातात, पोरं पुण्यात चाकण-हिंजवडीला. मध्यम लहरी ऐकायचा संच बाजारात शोधावा लागतो, आणि शहरातल्या एलईडी दिव्यांच्या खरखरीत त्या लहरी बुडतात. मोबाईलवरच्या ‘न्यूज ऑन एअर’ ॲपवर मात्र परभणी केंद्र कुठूनही लागतं, तेही स्वच्छ. त्या स्वच्छ आवाजात मला काहीतरी कमी वाटतं. तो दोष माझ्या वयाचा.

खरी हळहळ वेगळीच आहे. स्पूलच्या टेपा महाग आणि तुटपुंज्या. कार्यक्रम वाजून गेला की टेप पुसायची आणि तिच्यावर पुढचा भरायचा, हा आकाशवाणीत सगळीकडचाच रिवाज होता. मोठ्या गायकांची ध्वनिमुद्रणं जपली गेली. गोंधळ्यांची, ओव्या म्हणणाऱ्या बायांची, अर्धी भाकर बांधून एसटीनं आलेल्या शाहिरांची जपण्याइतकी मोठी कुणाला वाटली नाहीत. मराठवाड्याच्या बोलीचा पन्नास वर्षांचा साठा त्याच मनोऱ्यातून हवेत गेला आणि त्यातला बराचसा हवेतच राहिला.

पण ऐंशीच्या दशकात घरोघरी टेपरेकॉर्डर आले होते, आणि आपल्या घरचं माणूस रेडिओवर येणार म्हटलं की सगळी गल्ली कॅसेट लावून बसायची. मधे कुत्रं भुंकलेलं, कुणीतरी ‘गप बसा रे’ म्हटलेलं, हे सगळं त्यात असेल. अशी एखादी कॅसेट तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या बिस्किटांच्या डब्यात असेल तर फेकू नका. आधी पेन्सिल घालून फीत सारखी करा, एखाद्याचा चालता टेप मिळवा, मोबाईलवर उतरवून घ्या. त्यात कोण बोलतंय, कोणत्या गावचं आणि साधारण कोणत्या साली, एवढं एका कागदावर लिहा आणि केंद्राला कळवा.