हाड आधी बाहेर होतं

अकोले तालुक्याच्या खडकात मासा शोधायला गेलेला माणूस रिकाम्या हातानं परतणार, हे आधीच सांगितलेलं बरं. १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई घ्या, रतनगड घ्या, नाहीतर हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, सगळा लाव्हाच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो थरावर थर साचत गेला. त्याच्या पोकळ्यांत झिओलाइटचे सुरेख स्फटिक मिळतात, पण मासा नाही. बरं, लाव्हाच्या खाली तरी काय? कोयना खोऱ्यात भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल विंधनविवर घेतलं, तेव्हा ९३० मीटरच्या आसपास बेसॉल्ट संपला आणि थेट अडीचशे कोटी वर्षांहून जुना खडक लागला. मधल्या काळाचा गाळ तिथे उरलेलाच नाही. आणि कवचधारी मासे समुद्रात नांदले ते नेमके या मधल्या काळात, साधारण ४८ ते ३६ कोटी वर्षांपूर्वी.

महाराष्ट्रात त्या वयाचा खडक कुठेच नाही. पण कवचाची परंपरा पुढे चालवणारे मासे मात्र आपल्याकडे सापडले आहेत. त्यासाठी राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीतल्या सिरोंचा तालुक्यात जावं लागतं. तिथे प्राणहितेच्या काठी कोटा नावाचं गाव आहे. तिथल्या चुनखडीत मिळालेला मासा कर्नल विल्यम साइक्स यांच्यामार्फत लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे गेला आणि १८५१ साली फिलिप एगर्टन यांनी त्याचं वर्णन केलं. नाव ठेवलं लेपिडोटस डेक्कनेन्सिस. हेच साइक्स मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी म्हणून दख्खनभर हिंडले होते आणि १८३९ मध्ये त्यांनी इथल्या नद्यांतल्या जिवंत माशांचीही नोंद प्रसिद्ध केली होती. सह्याद्रीच्या ओढ्यांत दगडाला चिकटून राहणाऱ्या मल्याचं शास्त्रीय नाव, गारा मुल्या, त्यांनीच दिलेलं. दख्खनचा आजचा मासा आणि अठरा कोटी वर्षांपूर्वीचा मासा एकाच माणसाच्या हाताखालून गेला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

कोट्याच्या माशांवर पुढे सोहनलाल जैन यांनी चिकाटीनं काम केलं. ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे. संख्याशास्त्राच्या संस्थेत जीवाश्म कसे, असं वाटेल. पण प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५७च्या सुमारास लंडनहून पामेला रॉबिन्सन यांना बोलावून तिथे हे दालन उघडलं होतं.

या माशाचा खवला नीट बघण्यासारखा आहे. रोहू साफ करताना विळीवर उडतो तो खवला पातळ, गोल आणि लवचिक असतो. कोट्याचा खवला जाड आणि शंकरपाळीच्या आकाराचा. खाली हाडाचा थर, वर काळपट चकाकणाऱ्या गॅनोइनचं लुकण. एका खवल्याची खुंटी शेजारच्या खवल्याच्या खाचेत बसते, म्हणून मासा मेला, कुजला, तरी अंगरखा शाबूत राहतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या लॅमेटा थरांतही असे खवले मिळाले. १९०८ मध्ये आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी ते गार माशाचे म्हणून नोंदवले. गार आजही उत्तर अमेरिकेच्या नद्यांत आहे, त्याच चिलखतासह.

हे चिलखत आलं कुठून? चीनच्या युन्नानमधला हायकोइक्थिस सुमारे ५२ कोटी वर्षांचा. त्याच्या अंगात हाडच नाही. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी सापडलेल्या, सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या अरँडास्पिसचं डोकं मात्र हाडाच्या पत्र्यांत बंद आहे. जबडा नाही, जोडीचे पर नाहीत, आणि हाड आहे ते सगळं कातडीत. हे हाड शत्रूपासून बचावासाठी आलं की फॉस्फेटच्या साठ्यासाठी, यावर अजून वाद आहे. मला दोन्ही कारणं एकत्र असणंच पटतं.

अशा डोक्याच्या आत काय होतं, हे एरिक स्टेन्शियो या स्वीडिश संशोधकानं १९२७ मध्ये दाखवलं. स्पिट्सबर्गेनमधल्या, जबडा नसलेल्या सेफॅलास्पिड माशांची डोकी त्यानं थोडी थोडी घासत नेली, प्रत्येक टप्प्याचं चित्र काढलं आणि त्यावरून मेणाची प्रतिकृती उभारली. मेंदूची पोकळी, मज्जातंतूंच्या वाटा, रक्तवाहिन्या, सगळं उमटलेलं. तोल सांभाळणाऱ्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्या दोनच निघाल्या. आपल्याला तीन असतात, लॅम्प्री या जबडा नसलेल्या माशाला आजही दोन. पुढे प्लॅकोडर्म या कवचधारी माशांना जबडे आले. त्यांतलाच एन्टेलोग्नॅथस २०१३ मध्ये चीनमधून जाहीर झाला. तो ४१.९ कोटी वर्षांचा, आणि त्याच्या जबड्याची हाडं आपल्या जबड्याशी मिळतीजुळती.

प्लॅकोडर्म संपले, पण त्यांचे पत्रे आपल्यापर्यंत पोचले. कपाळाचं हाड, डोक्याच्या माथ्याची हाडं, गळ्याजवळची हासळी ही आपल्या हातापायांच्या हाडांसारखी कूर्चेतून घडत नाहीत. बहुतांशी थेट पापुद्र्यात तयार होतात, जुन्या कवचासारखी. तान्ह्या बाळाची टाळू आपण तेल घालून जपतो, तेव्हा बोटाला लागणारी मऊ जागा म्हणजे अजून न जुळलेल्या पत्र्यांमधली फट.

दातांचीही गोष्ट कातडीतच सुरू होते. आपल्या दातांचं इनॅमल आणि गार माशाचं गॅनोइन एकाच कुळातलं, हे २०१५ मध्ये जनुकं आणि जीवाश्म पडताळून मांडलं गेलं. इनॅमल आधी अंगावर आलं, मग तोंडात गेलं. २०२५ मध्ये शिकागोच्या यारा हरिदी आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गाठ सोडवली. कठीण कवच असलेला सर्वांत जुना कण्याचा प्राणी म्हणून मिरवणारा अनाटोलेपिस प्रत्यक्षात संधिपाद, म्हणजे खेकड्याच्या गोतातला निघाला. ऑर्डोव्हिशियन काळातल्या एरिप्टिकियस माशाच्या कवचात मात्र खरं डेंटिन, म्हणजे दाताच्या इनॅमलखालचा थर आहे, आणि त्यातल्या सूक्ष्म नळ्या स्पर्श टिपणाऱ्या असाव्यात, असं त्यांचं म्हणणं. माठातलं गार पाणी लागून दाढ शिवशिवते, ती संवेदना त्या मानानं ४५ कोटी वर्षांपासून चालत आलेली, आणि तेव्हा ती माशाच्या पाठीवर होती.